कामाच्या ठिकाणची वीज आणि पाणी: बटण एकाच्या हातात, बिल दुसऱ्याच्या

माळरान (धागाकर्ता)

पर्यावरणासाठी काय करता, असं कुणालाही विचारा. कापडी पिशवी, स्टीलची बाटली आणि जमलंच तर एखादं झाड, अशी उत्तरं येतात. सगळं चांगलंच आहे. पण जागेपणीचे आठ-दहा तास आपण जिथं घालवतो, तो कारखाना, ऑफिस, दुकान, शाळा, तिथल्या वीज-पाण्याबद्दल कुणी बोलत नाही. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचं मेंटेनन्स बघतो. रोज डोळ्यांसमोर जे वाया जातं, त्यासमोर घरातली बचत फार लहान दिसते. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच आहे. घरात बटण दाबणारा आणि बिल भरणारा एकाच छपराखाली राहतात, म्हणून "खोलीत कोण नाही, पंखा बंद कर" असं आई ओरडते. कामाच्या ठिकाणी बटण कामगाराच्या हातात, बिल मालकाच्या टेबलावर, आणि कुठलं मशीन किती खातं ते फक्त वायरमनला माहीत. या तिघांनी एकत्र बसून ते बिल वाचायला पाहिजे. तोवर भिंतीवर कितीही पाट्या लावा, काही बदलत नाही.

सोलापुरात तर वीज आणि पाणी वेगळं काढताच येत नाही. आपलं पाणी येतं उजनीतून थेट पाइपलाइननं, भीमेवरच्या टाकळीहून आणि थोडं हिप्परग्याच्या तलावातून. शंभरएक किलोमीटरवरून पंप करून आणलेली प्रत्येक बादली म्हणजे वीजच. आणि वीज बव्हंशी कोळशाची. आहेरवाडी-फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, एकूण १३२० मेगावॅट, आणि त्या केंद्रालाही पाणी उजनीचंच लागतं. तिथली वीज ग्रिडमध्ये जाते, ती नेमकी आपल्याच बल्बात येते असं नाही. पण देशाच्या ग्रिडचा हिशोब धरला तर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा आकडा लक्षात ठेवा, खाली उपयोगी पडेल.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगतो. कॉम्प्रेसरची, म्हणजे दाबलेल्या हवेची लाइन ७ बार दाबावर चालते. त्या लाइनला ३ मिलिमीटरचं एक भोक असेल, तर साधारण ३ किलोवॅट नुसते हवेत जातात. दिवसभरात सत्तरएक युनिट. महिन्याला शंभर युनिट लागणाऱ्या घराची ही तीन आठवड्यांची वीज झाली. चालू कारखान्यात मागांच्या खडखडाटात ही गळती ऐकू येत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी सगळे माग बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर लावायचा आणि लाइनच्या कडेनं चालत जायचं. सूं सूं आवाज आला की साबणाचा फेस लावायचा, बुडबुडे दिसले की खडूनं खूण करायची. हवा वापरणारं काहीही चालू नसताना कॉम्प्रेसर सारखा लोड घेतोय, याचा अर्थ तो फक्त गळतीसाठी राबतोय. बहुतेक वेळा कपलिंग बदललं, होजची क्लिप आवळली की काम होतं.

तुमच्या कामाच्या जागी असं काय आहे, ते लिहा. घरचंही लिहा.

यंत्रमाग

माळरान भाऊ, तुमचा कारखाना मोठा. आमचे अशोक चौकात वडिलांपासूनचे साधे माग, त्यात चादरी निघतात. आमच्याकडे कॉम्प्रेसर नाही. मागाला एक एचपीची मोटर, ती चालू केली की पाळी संपेपर्यंत चालू. धागा तुटला, धोटा बाहेर आला, कांडी संपली, माग थांबतो पण मोटर फिरतच राहते. विणकर एकटा चार-चार माग बघतो. त्यानं दर वेळी स्टार्टर बंद करावा अशी अपेक्षा कशी करायची? पीस रेटवर त्याची मजुरी आहे. आणि चादरीला भाव किती मिळतो ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. पर्यावरण पटतं ओ, पण आमच्या हातात काय आहे ते सांगा.

माळरान

यंत्रमाग अण्णा, तुमचा प्रश्न रास्त आहे. विणकरावर काहीच टाकू नका. दोन मिनिटांच्या थांब्यासाठी स्टार्टर बंद-चालू करणं मोटरलाही बरं नाही. जेवणाच्या सुट्टीत आणि बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) बदलताना मात्र बंद करायला काहीच हरकत नाही.

तुमच्या हातात आहे ती मोटर जळल्यावरची निवड. आपल्याकडे मोटर जळली की रिवाइंडिंग, म्हणजे आतली तार नव्यानं भरणं, पुन्हा जळली की पुन्हा रिवाइंडिंग. घाईत, जास्त तापवून केलेल्या प्रत्येक रिवाइंडिंगला कार्यक्षमता एक-दोन टक्क्यांनी खाली येते, आणि ती मोटर पुढं वर्षानुवर्षं बारा-बारा तास चालते. एक एचपीची जुनी मोटर पूर्ण भारावर तासाला जवळपास एक युनिट ओढते. दोनदा रिवाइंड झालेली मोटर तिसऱ्यांदा न भरता त्या जागी आयई-३ दर्जाची, म्हणजे कमी वीज खाणारी घ्या. सगळ्या एकदम नकोत, जी जळेल ती. पट्टा सैल असेल तर तो आवळायला पैसे लागत नाहीत.

दुसरं शेडमधलं. जुनी ट्यूब तिच्या चोकसकट पन्नासएक वॅट घेते, एलईडी वीस. साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तीसएक. शेडमध्ये वीस पंखे बारा तास चालत असतील तर एका पंख्यामागे रोज अर्धा युनिट वाचतं, म्हणजे वर्षाला तीन हजारांवर युनिट. ०.७ नं गुणलं की दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. एवढ्यासाठी विणकराला एकही सूचना द्यावी लागत नाही.

रंगारी

मी डाईंगमध्ये आहे. वीज-पाण्याबरोबर इथं आग पण आहे, म्हणजे बॉयलर. माझ्या मते सोलापुरातलं सगळ्यात मोठं नुकसान रंगाईतच होतं, आणि त्यावर फार कमी लिहिलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुती सुतावरचा रिॲक्टिव्ह रंग कधीच पूर्ण बसत नाही. काही भाग पाण्याशीच जुळतो आणि धुण्यात निघून जातो. तो बसावा म्हणून मीठ टाकतो, सोडा टाकतो. रंग दिसतो, त्यामुळं ओरड रंगाची होते. मीठ दिसत नाही, आणि साध्या प्रक्रियेनं ते पाण्यातून निघतही नाही. ते जमिनीत, विहिरीत जातं. त्यामुळं सांडपाण्याची खरी बचत रंग कढईत पडायच्या आधीच करावी लागते. रेसिपी वजन करून घ्या, अंदाजानं ओतू नका. रंगाची शेड (छटा) पहिल्या फटक्यात जुळली पाहिजे. लॉट फसला की पुन्हा उकळा, पुन्हा मीठ, पुन्हा धुणं. एका चुकलेल्या लॉटमागे दोन लॉटचं पाणी जातं. माझ्या मते डाईंग मास्टरच्या हातातला अचूक काटा हे पर्यावरणाचं पहिलं साधन आहे.

धुण्याचं पाणी. तिसऱ्या-चौथ्या धुण्याचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. ते गटारीत सोडण्यापेक्षा टाकीत घ्यावं आणि पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला वापरावं. गडद शेडच्या मागून फिकी शेड असेल तर जमत नाही, म्हणून लॉटचा क्रम लावताना फिकं आधी, गडद नंतर.

वाफ. वाफेचं पाणी होऊन जे परत येतं, ते कंडेन्सेट, कित्येक ठिकाणी सरळ बाहेर सोडलेलं असतं. ते गरम असतं, शुद्ध असतं, त्यात क्षार नसतात. ते बॉयलरच्या फीड टाकीत परत घ्या. फीडचं पाणी साधारण ६ अंशांनी गरम झालं की इंधन एक टक्का वाचतं. तीस अंशांचं पाणी सत्तर-ऐंशीवर नेलं तर हिशोब तुम्हीच करा. आणि उघड्या पाइपला लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं वेष्टन, करा. त्या पाइपशेजारी मे महिन्यात माणसं उभी राहून काम करतात, त्यांनाही तेवढाच आराम.

हुरडा

रंगारीदादा, फार चांगला प्रतिसाद. असं आतलं लिहिणारं कुणीतरी हवंच होतं.

मी एका ऑफिसात आहे, नाव सांगत नाही. बाहेर मे महिन्यात त्रेचाळीस अंश, आत एसी अठरावर. आम्ही बायका शाल पांघरून काम करतो. एसीचा एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच सांगतं. अठराचं चोवीस केलं तर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास बचत. २०२० पासून नवीन स्टार रेटिंगचे एसी चोवीसवरच सुरू होऊन येतात, पण रिमोट ज्याच्या हातात तो ते पहिलं खाली आणतो. आमच्याकडे रिमोट साहेबांच्या केबिनमध्ये आणि थंडी मात्र हॉलमध्ये. माळरान यांचं बटण-बिलाचं म्हणणं अगदी खरं आहे.

आम्ही एवढंच केलं: सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज दिला की हॉलला पंखे चालू ठेवून एसी सव्वीसवर ठेवावा. त्यात पर्यावरण हा शब्दच घातला नाही. "सर्दी होते, सांधे दुखतात" असं लिहिलं. अर्ज मान्य झाला आणि आता तसंच चालू आहे.

चहाचं पण सांगते. कागदी कप चांगला असं वाटतं, पण त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो ना कागदात जातो ना प्लॅस्टिकमध्ये. चहावाल्या मामांना काचेचे ग्लास परत सुरू करायला सांगितलं. त्यांनी एकच अट घातली, ग्लास विसळायला आमच्या बेसिनचं पाणी द्यायचं. ते आम्ही देतो.

स्पष्टवक्ता

सगळं वाचलं. राग मानू नका, पण १३२० मेगावॅटच्या केंद्रापुढं तुमच्या वीस पंख्यांची काय कथा? आणि पाण्याचं बोलायचं तर उसाचं बोला. सोलापूरचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, उसाला त्याच्या तीन-चौपट पाणी. जिल्हाभर साखर कारखाने. धरण भरलं की पाणी कुठं जातं ते सगळ्यांना दिसतं. शहराला नळ चार-चार दिवसांआड. सामान्य माणसानं आंघोळीचं पाणी मोजत बसायचं आणि मोठे प्रश्न तसेच.

माळरान

स्पष्टवक्ता, राग कशाला? उसाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

पण दोन गोष्टी. कारखान्यातली बचत सामान्य माणसाची आंघोळ नाही. एका डाईंगचं एका पाळीचं पाणी एका गल्लीला पुरतं. मोठे प्रश्न म्हणजे अशाच शेकडो जागांची बेरीज आहे. आणि दुसरं, जो आपल्या शेडचं बिल वाचायला शिकतो तोच उद्या महापालिकेला, महावितरणला, कारखान्याच्या सभेला नेमका प्रश्न विचारू शकतो. आकडा हातात नसला की आपल्याला उडवून लावणं फार सोपं असतं.

अक्का_विजापूररोड

नमस्कार. मी घरीच असते, पण घर हेच माझं कामाचं ठिकाण आहे, म्हणून लिहिते.

नळ येतो त्या दिवशी आमच्या गल्लीत एक पद्धत दिसते. नवीन पाणी आलं की आधीचं "शिळं" म्हणून ओतून द्यायचं. झाकून ठेवलेलं पाणी तीन दिवसांत शिळं होत नाही. ते ओतण्याआधी निदान वापरायच्या हौदात टाका. एवढ्या लांबून आणलेलं पाणी आहे.

आरओ मशीन जेवढं पाणी देतं त्याच्या दुप्पट-अडीचपट बाहेर टाकतं. माझी नळी मोरीतल्या बादलीत सोडलेली आहे. ते पाणी फरशी पुसायला, संडासला. फक्त कूलरमध्ये घालू नका. त्यात क्षार जास्त असतात, पॅडवर पांढरा थर धरतो, मग हवा येत नाही आणि पॅड लवकर फेकावं लागतं. सतत कुंड्यांना घातलं तरी माती खराब होते.

कूलर की एसी, यावर आमच्या घरात बराच वाद झाला. सोलापूरची हवा कोरडी आहे, इथं कूलर चांगला चालतो. कूलर दोनशे वॅटच्या आसपास, दीड टनाचा एसी दीड किलोवॅटच्या आसपास. पण कूलर तासाला काही लिटर पाणी पितो, आणि पाणी तर चार दिवसांनी. शेवटी गच्चीला पांढरा चुना मारून घेतला, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून जुनी चादर भिजवून लावते, आणि कूलर फक्त दुपारी. चादर सोलापुरीच, पंधरा-वीस वर्षं पांघरून विरली की खिडकीला, त्यानंतर वाकळेत. नवीन ब्लँकेट घेऊन दोन हिवाळ्यात टाकण्यापेक्षा हे किती बरं.

यंत्रमाग

अक्का, हे वाचून आमच्या लोकांना बरं वाटेल. विरेपर्यंत वापरली जाणारी चादर विणणं, हीच आमची पर्यावरणाची कामगिरी समजतो. भौगोलिक मानांकन आहे, पण बाजारात सोलापुरी नावानं काहीही विकतात. घेताना खरी बघून घ्या एवढंच मागणं.

कतरण

गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे. आमचा कचरा म्हणजे चिंध्या. मार्कर (कापडावर तुकड्यांची आखणी) नीट लावला, पॅटर्न उलटसुलट बसवले, तर कापडातली वाया जाणारी पट्टी बरीच कमी होते. कटिंग मास्टर चांगला असेल तर तो जेवढा पगार घेतो त्याहून जास्त कापड वाचवतो. चिंध्या कटिंग टेबलापाशीच वेगळ्या करतो. शुद्ध सुती एका पोत्यात, टेरीकॉट दुसऱ्या. सुतीला पुसणीवाले घेऊन जातात, गॅरेजमध्ये जाते. मिसळलेल्याला कुणी विचारत नाही, ती शेवटी कचरा डेपोवर जाते किंवा कुणीतरी पेटवून देतो. ते पेटवणं बंद करायला हवं, टेरीकॉट म्हणजे निम्म्याहून अधिक प्लॅस्टिकच आहे.

हिप्परगा

वाचतोय. कॉलेजला आहे. आम्ही मित्र हिवाळ्यात हिप्परग्याला पक्षी बघायला जातो, नान्नजला माळढोक दिसेल या आशेनं पण गेलो आहे. तिथं जायचं म्हणून पाच जण पाच गाड्या काढायचे. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, हे कळल्यावर दोघं एका गाडीवर असं ठरवलं. रोजचं विचाराल तर सात रस्त्यापर्यंत शेअर रिक्षा आणि पुढं चालत. शहर सपाट आहे, सायकल सहज चालते, फक्त उन्हाळ्यात दुपारी नको. जुन्या गिरण्यांच्या काळात कामगार सायकलीनंच जायचे असं आजोबा सांगतात. नोकरदारांनी पाळीच्या वेळेला एका भागातले तिघं-चौघं मिळून एक गाडी केली तर किती फरक पडेल.

हुरडा

डब्याचं राहिलंच. माझ्या डब्यात आठवड्यातले बहुतेक दिवस कडक भाकरी, शेंगाची चटणी, एखादी कोरडी भाजी. कडक भाकरी गरम करावी लागत नाही, त्यामुळं ओव्हन नको, फॉइल नको. आणि मालदांडी ज्वारी रब्बीत जमिनीतल्या ओलीवर येते, तिला उसासारखं पाणी लागत नाही. स्पष्टवक्ता, तुमच्या उसाच्या मुद्द्याला हे माझं छोटं उत्तर. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याची ज्वारी आपण विकत घेतली तर तो ती पेरेल.

स्पष्टवक्ता

ज्वारीचं पटलं. ज्वारीला दर आणि गिऱ्हाईक दोन्ही टिकलं तर शेतकरी उसाकडं वळायच्या आधी विचार करेल. ओल्या कचऱ्याचं कुणी काही लिहिलं नाही, म्हणून मीच लिहितो. तुळजापूर रोडला भोगावच्या डेपोत ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि वीज करायचा प्रकल्प उभारला होता. असा कुठलाही प्रकल्प वेगळ्या केलेल्या कचऱ्यावरच नीट चालतो. आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून भाजीची देठं देतो. ढिगात दबलेल्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो, तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीसपट तापवतो. आमच्या सोसायटीत दोन ड्रम आहेत, भोकं पाडलेले. ओला कचरा, वर वाळका पाला, असे थर. आपल्या उन्हात तो ढीग फार लवकर वाळतो, त्यामुळं कुजणं थांबतं. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी पाणी शिंपडावं लागतं, धुण्याभांड्याचं साबण नसलेलं चालतं.

यंत्रमाग

माळरान भाऊ, मोटरचं मनावर घेतलंय. दोन शंका. कुठला माग जास्त खातो ते कसं ओळखायचं? वायरमन क्लॅम्प मीटर लावून अँपिअर सांगतो, त्यात सगळे सारखेच दिसतात. आणि छतावर सोलर करावं का? घरासाठी अनुदान आहे असं ऐकलं.

माळरान

अण्णा, क्लॅम्प मीटरवर जाऊ नका. रिकाम्या मोटरचा पॉवर फॅक्टर खूप कमी असतो, त्यामुळं अँपिअर दिसतात पण तेवढी वीज खर्च होत नसते. युनिट मोजणारा छोटा सब-मीटर घ्या आणि तो पाळीपाळीनं एकेका मागाला लावा, सगळ्यांवर सारख्याच जातीची चादर चालू असताना. ज्याला मीटरभर कापडामागे जास्त युनिट लागतील तो माग उघडून बघा. पट्टा, बेअरिंग, तेल, मग मोटर, या क्रमानं. आकडे मागाशेजारी खडूनं लिहून ठेवा, विणकराला दिसतील असे. तो स्वतःच सांगेल कुठं अडतंय, त्याचे कान तुमच्या-माझ्यापेक्षा तयार असतात.

सोलरचं अनुदान घरगुती मीटरसाठी आहे. २०२४ साली आलेल्या सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तला ७८,००० रुपये. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडच्या उन्हात दिवसाला सरासरी चारएक युनिट मिळतात. शेडला हे अनुदान नाही. मात्र इन्कम टॅक्स भरत असाल तर सोलरवर ४० टक्के दरानं घसारा मिळतो, त्याबद्दल सीएशी बोला. त्याआधी छत बघा. सिमेंटच्या पत्र्यावर पॅनेल बसवू नका, तो पत्रा वजन घेत नाही. वेगळा लोखंडी सांगाडा लागेल, त्याचा खर्च धरून मगच ठरवा. माझ्या मते तुमच्यासाठी आधी मोटर आणि पंखे, सोलर त्यानंतर. लागणारी वीज आधी कमी करून घेतली की सोलरही लहान लागतं.

सब-मीटर माझ्याकडे एक जादा आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी घेऊन येतो, तुमच्या वायरमनलाही बोलावून ठेवा. दोन-तीन माग चालवायला विणकर मात्र लागतील, त्यांची त्या दिवसाची मजुरी धरा.

रंगारी

अशोक चौकातच असाल तर मीही येतो. तुमचं सूत कुठं रंगतं तेही बघू.